वासंतिक वमन: तूप पिण्यापासून पेजेपर्यंत, गावात राहून निभावलेल्यांनी सांगा

धर्मकाटा

मंडळी, राम राम. मी हिंगणघाट तालुक्यातला, जिनिंगमध्ये काट्यावर असतो. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या सुरू होतात त्या फाल्गुनापर्यंत, आणि तोवर आम्ही रुईतच श्वास घेतो. हंगाम उतरता उतरता दर वर्षी सर्दी छातीत बसते. सकाळी गळ्यात चिकट कफ, रात्री पाठ टेकली की छातीत शिट्टी. डॉक्टरांनी दिलेला इनहेलर चालू आहे, त्यानं बरं वाटतं, पण हंगाम आला की पुन्हा तेच.

यंदा शेजारच्या तालुक्यातल्या आयुर्वेद रुग्णालयात वासंतिक वमनाचं, म्हणजे वसंतात औषध देऊन ओकवून कफ काढायचं, शिबिर आहे. वैद्यबाईंनी नाडी, बीपी, रक्त-लघवी सगळं पाहून नाव लिहून घेतलं. आधी घरीच तूप प्यायचं, मग तिथे मुक्काम, मग परत घरी. हातात एक कागद दिलाय. त्यावर तुपाचं सविस्तर आहे, वमनाच्या दिवसाचं आहे, आणि शेवटी एकच ओळ: 'संसर्जन क्रम काटेकोर पाळावा.' वमनानंतर पेजेपासून हळूहळू नेहमीच्या जेवणावर यायचं तो हा क्रम म्हणे, पण गर्दी होती, कसं ते विचारायचं राहिलं.

प्रश्न असे. तूप पिऊन मोटरसायकलनं कामावर जाता येतं का? घरचा गहू काढणीला आलाय, हार्वेस्टर सांगून ठेवलंय, पण धुऱ्यावर उभं तर राहावंच लागेल. वमनानंतरच्या आठवड्यात चुलतभावाचं लग्न आहे, वरात आमच्याच दारावरून जाणार. इनहेलर बंद करायचा का? आणि आई म्हणते, 'पैसे देऊन कोणी ओकते का बाप्पा? ओकारीनं माणूस खंगते.' तिला काय सांगू?

पांदण_रस्ता

भाऊ, वमन, गहू अन् लगन, तिन्ही एकाच पंधरवड्यात? गहू सोडता येत नाही. लगन सोडलं तं काका जन्मभर बोलून दाखवन. मंग काय उरलं ते तूच पाह्य.

वैद्य_वैनगंगा

धर्मकाटा, मात्रा तुमच्या वैद्यबाईच ठरवतील, त्यात मी पडत नाही. का आणि कसं, एवढं सांगतो.

थंडीत साठलेला कफ वसंतातल्या उन्हानं पातळ होतो आणि भूक मंदावते, असं वाग्भटानं अष्टांगहृदयात ऋतुचर्येच्या अध्यायात लिहिलंय. वमनाला हा काळ निवडण्याचं कारण तेच. फक्त ग्रंथातला वसंत आपल्या जिल्ह्यांत फार दिवस टिकत नाही. चैत्र लागला की पारा चाळिशीकडे सरकतो, आणि त्या उन्हात तूप पिऊन ओकलेला माणूस उभा राहत नाही. म्हणून इकडे होळीच्या आसपासच उरकून घेतलेलं बरं. एखादं शिबिर एप्रिलच्या शेवटी असेल तर मी नाव देऊ नका असंच सांगेन.

तूप सूर्योदयाच्या सुमारास घ्यायचं, आदल्या रात्रीचं जेवण पचलेलं हवं. पहिल्या दिवशी थोडं, साधारण ३० मिली. ते पचायला किती वेळ लागतो ते पाहून पुढे रोज वाढवत न्यायचं. कमीत कमी ३ दिवस, जास्तीत जास्त ७. त्यावर गरम पाण्याचे घोट. आणि मग थांबायचं. भूक कडकडून लागेपर्यंत काही नाही, चहासुद्धा नाही. ढेकर आली आणि तिला तुपाचा वास नसला, अंग हलकं वाटलं, की तूप जिरलं. मग मऊ भात आणि पातळ मुगाचं वरण. लोक इथेच घसरतात. 'अकरा वाजले, जेवून घेतो' म्हणून तूप पचायच्या आत पोळी-भाजी खातात, मग दिवसभर मळमळ आणि दोष तुपाला.

पुरे झालं हे कसं कळतं? शौचाला तुपकट आणि सैल होतं, कातडी मऊ पडते, आणि तुपाची वाटी समोर आली तरी तोंड फिरवावंसं वाटतं. हे झालं की फोन करून सांगायचं, स्वतःच्या मनानं आणखी एक दिवस ओढायचा नाही.

मोटरसायकलचं म्हणाल तर मात्रा वाढली की डोकं जड होतं, पोटात ढवळतं. प्रवास, ऊन, वारा, जागरण, दिवसाची झोप आणि भांडण, सगळंच वर्ज्य आहे. भांडणाचं मी गमतीनं लिहीत नाही, ग्रंथातच आहे. आणि रुईच्या हवेत जाऊन बसायचं असेल तर तूप कशाला पिता? रजा टाका.

तूप संपल्यावर मधला एक दिवस अंगाला तेल, वाफ आणि खायला मुद्दाम कफ वाढवणारं. दही, उडदाचे वडे, जिलबी. वर्षभर दह्याला हात लावू देत नाही तोच वैद्य त्या दिवशी जिलबीचा पुडा समोर ठेवतो.

पांदण_रस्ता

जिलबीवाला दिवस मले पटला. तेवढाच करता येते का?

मेडिकलवाला_आर्वी

माझं औषधांचं दुकान आहे, वमनाच्या बाजूनं किंवा विरोधात बोलत नाही. पण शिबिराच्या आधी दुकानात येऊन 'गोळ्या सगळ्या बंद करू का' विचारणारे दर वर्षी असतात. कोणतीही चालू गोळी स्वतःहून बंद करायची नाही आणि एकही लपवायची नाही. बीपीची पाणी काढणारी गोळी चालू असताना ओकारी झाली तर अंगातलं पाणी आणि पोटॅशियम दोन्ही खाली येतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्याच मात्रेत घेऊन दिवसभर नुसती पेज प्यायली तर साखर धाडकन उतरते. पित्ताशयात खडे असतील तर एवढ्या तुपानं पोटात कळ उठू शकते, सोनोग्राफीचा जुना रिपोर्ट घरात पडला असेल तर घेऊन जा. हृदयविकार, जठरातला व्रण, हर्निया, गरोदरपण, खूप अशक्तपणा असेल तर हा विषयच सोडा. यातलं बरंच आयुर्वेदाच्या ग्रंथांतही निषिद्धच सांगितलंय, वैद्य दुरुस्त करतील.

आणि एक. गेळफळ, म्हणजे मदनफळ, काही किराणा-जडीबुटीवाल्यांकडे सुटं मिळतं. कोणी व्हिडिओ पाहून घरी करायला जाऊ नये. त्या फळात सॅपोनिन असतं, ते कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवून धरतात. मात्रा चुकली तर ओकारी थांबता थांबत नाही.

वैद्य_वैनगंगा

दुरुस्तीला जागाच ठेवली नाही तुम्ही. इतकीच भर: वमनाला फळातल्या बिया वापरतात, त्याही शुद्ध करून, वाळवून, वेखंड, सैंधव आणि मधाबरोबर. आमच्या जंगलात गेळ्याची झाडं आहेत, काटेरी. गुरं चारणारे ओळखतात. ओळखता येणं आणि देता येणं यात अंतर आहे.

आशाताई_कुरखेडा

कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. आपल्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, सगळीकडे. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे पूर्ण आजार असलेल्या, माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं की क्रायसिस येतो, हाडं ठणकतात, दवाखान्यात भरती करावं लागते. तूप पिऊन उपाशी राहणं, वरून ओकारी, वरून फाल्गुनाचं ऊन, हे तिन्ही त्याच वाटेचे. शिबिरात रक्त तपासतात ते हिमोग्लोबिन आणि साखर. सिकलसेलचं विचारतातच असं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी टेस्ट होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. कार्ड असेल तर दाखवा, घरात कोणाला असेल तर आधी तपासून घ्या, मगच तूप.

धर्मकाटा

हे लक्षातच नव्हतं. मामाच्या घरी एक जण आहे. उद्याच करून घेतो.

ओपीडी_नंतर

मी एमबीबीएस, ग्रामीण रुग्णालयात. वमनावर माझा फार विश्वास नाही, ते आधी सांगून टाकतो. पोटातून निघतं ते दूध, जठरातला चिकट स्राव आणि शेवटी पित्त. छातीतला कफ पोटातून निघत नाही. ओकारी यायच्या आधी लाळ आणि श्वासनलिकेतला स्रावही वाढतो, त्यानं मोकळं वाटू शकतं. इपिकॅक नावाचं मूळ आमच्याकडेही जुन्या काळी थोड्या मात्रेत कफासाठी आणि जास्त मात्रेत ओकारीसाठी देत. आता देत नाहीत. जोरात ओकताना अन्ननलिकेला चीर पडून रक्त येऊ शकतं. ओकारीत लाल किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं तर संसर्जन-बिंसर्जन बाजूला, सरळ दवाखाना.

इनहेलर बंद करायचा नाही. तूप पितानाही नाही, वमनाच्या सकाळीही नाही. जो बंद करा म्हणेल त्याच्याकडून उठून या.

आता धर्मकाटा, मला तुमच्या कफापेक्षा तुमच्या नोकरीत जास्त रस आहे. सुट्टीनंतर कामावर गेलात की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का, आणि आठवडा जाईल तशी सैल होते का?

धर्मकाटा

डॉक्टरसाहेब, दसऱ्या-दिवाळीची सुट्टी संपून गेलो की पहिले दोन दिवस लय त्रास. मग सवय पडते. आम्ही सगळेच म्हणतो, रुई अंगावर येते म्हणून. तुम्हाला कसं कळलं?

ओपीडी_नंतर

कारण ती बिसिनोसिसची जुनी खूण आहे. कापसाच्या तुसानं होणारा फुप्फुसाचा आजार, कायद्यानं कळवण्याजोग्या आजारांच्या यादीत आहे. असेलच असं म्हणत नाही. पण हंगामात एकदा आणि हंगाम नसताना एकदा फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री, करून घ्या. वमनानं आज कितीही मोकळं वाटलं तरी दिवाळीत तुम्ही पुन्हा त्याच तुसात बसणार. काट्याच्या खोलीचं दार बंद राहील, खिडकीला काच लागेल, तोंडाला रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क लागेल, हे मालकाशी बोला. याला रजाही लागत नाही.

वैद्य_वैनगंगा

निदानपरिवर्जन, म्हणजे कारणापासून दूर राहणं, हाच आमच्याकडेही पहिला उपचार. वमनावर आपलं पटणार नाही डॉक्टर, यावर पटलं.

माहेरवाशीण

आता माझं ऐका. वर सगळे आधीचंच बोलून राहिले. धर्मकाटांनी विचारलंय नंतरचं.

मी अम्लपित्तासाठी आणि अंगावर उठणाऱ्या गांधींसाठी केलं होतं. सासर दर्यापूरकडे, घर एकत्र, जेवायला दोन्ही वेळा भरलेली पंगत. वमनाचा दिवस काय, दवाखान्यात तीन बाया पाठीवर हात फिरवायला, कपाळ धरायला. तो दिवस निघून जाते. खरी परीक्षा घरी आल्यावर. पेज पिणारी मी, आणि चुलीसमोर बसून सगळ्यांच्या भाकरी थापणारीही मीच? दुपारी विहिरीवर कोण जाणार? मिरचीची फोडणी माझ्याच नाकासमोर बसणार, आणि मग म्हणायचं, ऊन नको, धूर नको, जोरात बोलणं नको, राग नको. राग कसा नाही येणार?

म्हणून मी सरळ माहेरी गेले. सासूबाईंना सांगितलं, दवाखान्यातून तिकडेच जाईन. चार जणी बोलल्या. बोलू दिलं. आईनं तांदूळ आधीच निवडून, हलका भाजून डब्यात भरून ठेवला होता. मागच्या खोलीत माझी खाट, आणि शेजारणी 'पाहायला' म्हणून भजी घेऊन आल्या तर आई ओट्यावरूनच परत पाठवायची.

धर्मकाटा भाऊ, तुम्हाला पेज करून द्यायला आई आहे, बायको आहे. त्यांना आत्ताच बसवून सांगा, कोणत्या वेळी काय लागेल ते. वेळेवर 'पेज कर' म्हणाल तर गव्हाच्या गडबडीत ती माउली कुकरच्या दोन शिट्ट्या करून गचका भात पुढे ठेवेल, आणि चूक तिची नसेल. आणि पुढच्या वर्षी बायकोला करायचं असेल तर तिची पेज कोण करणार, ते आजच ठरवा.

चिन्नोर_काकू

माहेरवाशीण, लाखातलं बोललीस माय.

पेजेचं मी सांगते, आमच्या भंडाऱ्याकडे तांदळाशिवाय दुसरं येते काय. नवीन तांदूळ घ्यावाचा नाही, चिकट होते, पोटाला जड. सालभर जुना पाह्यजे. आम्ही घरचा चिन्नोर घेतो, नसला तं एचएमटी चालते. तेच एचएमटी, नागभीडजवळच्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्याच बांधीतून निवडून काढलेलं.

तांदूळ धुवून, थोडा भाजून, जाडसर कण्या करावाच्या. पेयेला तांदळाच्या चौदा पट पाणी सांगतात. पातेल्यात, मंद आचेवर, झाकण अर्धं. पळीनं उचलली तं पाणी पांढुरकं अन् त्यात शितं मोजता आली पाह्यजे. ते पेया. विलेपीले चार पट पाणी, ते पळीले चिकटून राह्यते, खाली सांडत नाही. पहिल्या पेयेत मीठसुद्धा आमचे वैद्य टाकू देत नव्हते, कोणाचे वैद्य सैंधव अन् सुंठ टाकू देतात. तुह्या बाईले विचार. पण तूप-जिऱ्याची फोडणी कोणी सांगितली तं ते पेया नाही, ते फोडणीचं वरण.

वैद्य_वैनगंगा

काकूंनी पाककृती दिली, मी हिशेब देतो. कारण कागदावरची ती एक ओळ म्हणजे निम्मा उपचार आहे.

शुद्धी किती झाली त्यावर दिवस ठरतात. ग्रंथात वेग, म्हणजे ओकारीच्या उसळ्या, मोजतात: चांगली शुद्धी ८, मध्यम ६, कमी ४. नुसत्या आकड्यावर जायचं नाही, शेवटी पित्त दिसलं का आणि अंग हलकं झालं का तेही पाहायचं. चांगली झाली तर प्रत्येक पायरी ३ जेवणांची, एकूण १२ जेवणं, ७ दिवस. मध्यम असेल तर २-२, एकूण ८ जेवणं, ५ दिवस. कमी असेल तर १-१, म्हणजे ४ जेवणं, ३ दिवस. आधी पेया, मग विलेपी, मग मुगाचं कढण, पहिल्यांदा साधं आणि मग तूप-मीठ-जिरं घातलेलं, त्याबरोबर मऊ भात. शेवटी मांसाहार असेल त्याला मटणाचा पातळ रस्सा, मसाल्याशिवाय. नसेल त्याला कढणच पुढे.

चरकानं इथे विस्तवाचा दाखला दिलाय. विझत आलेल्या निखाऱ्यावर आधी गवताची काडी, मग शेणी, मग लाकूड. एकदम ओंडका टाकला तर उरलंसुरलंही विझतं. वमनानंतर भूक लागते ती दिसायला जोरदार, पण तिच्यात पुरणपोळी जिरवायची ताकद नसते. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वमनानंतर बिघडून आलेले रुग्ण जवळजवळ सगळे या दिवसांतले आहेत, वमनाच्या दिवसातले नाहीत. एक जण तर तिसऱ्या दिवशी पंगतीला बसला. वांग्याची भाजी, बुंदी, मठ्ठा. रात्री पोट फुगलं, ताप आला, चार दिवस सलाईन.

तेव्हा लग्न: अक्षता टाकायला सावलीत जा, डीजेसमोर उभे राहू नका, पंगत उठायच्या आधी घरी या. जमणार नसेल तर जाऊच नका.

अकोला_व्हाया_बंगलोर

धागा छान चाललाय. माझा ऑफिसातला एक मित्र पेरूला आयाहुआस्काच्या शिबिराला जाऊन आला. तिथेही आधी पथ्य, मग एक काढा, मग ओकारी, मग नंतरचे दिवस जपायचे. म्हणजे आपलं वमनच की! फक्त त्यांचं गाणी म्हणत रात्री होतं. भारतात कुठे होतं का?

ओपीडी_नंतर

नाही हो, वमन नाही ते. आयाहुआस्का म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यातली एक वेल आणि दुसऱ्या एका झुडपाची पानं एकत्र उकळून केलेला काढा. पानांत डीएमटी नावाचं द्रव्य असतं, ते नुसतं गिळलं तर पोटातच मोडतं. वेलीतली द्रव्यं ते मोडणारं एन्झाइम अडवतात, म्हणून ते मेंदूपर्यंत पोचतं आणि काही तास भास होतात. ओकारी तिथे होते, तिला ते शुद्धीही मानतात, पण मुख्य गोष्ट तो अनुभव. तिथल्या आदिवासी समाजांची ती जुनी परंपरा आहे आणि पेरूनं २००८ मध्ये तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जाही दिलाय. पण नैराश्याच्या एसएसआरआय गोळ्या चालू असताना तो काढा घेतला तर सेरोटोनिन सिंड्रोम होऊन जीव जाऊ शकतो. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल त्यानंही लांब राहावं. आणि भारतात डीएमटी १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं. कोणी डोंगरावरच्या रिसॉर्टमध्ये 'सेरेमनी' म्हणून बोलावत असेल तर जाऊ नका, इतकंच.

माहेरवाशीण

तिथे तरी नंतरची पेज कोण करते म्हणे?

अकोला_व्हाया_बंगलोर

विचारतो :) तो म्हणत होता, परत आल्यावर दोन आठवडे कोणाशी धड बोलला नाही, सोमवारी लगेच कामावर जायला नको होतं.

संपादक

आयाहुआस्कावर पुढे बोलायचं असेल तर वेगळा धागा काढा. पत्ते आणि संपर्क मागणारे प्रतिसाद उडवले जातील.

धर्मकाटा

मंडळी, परत आलोय. हे लिहितोय तेव्हा विलेपी संपून कढण सुरू झालंय, म्हणून जरा माणसात आहे.

सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली. तूप शेवटी शेवटी नको नको झालं, वाटीचा वास आला तरी अंगावर काटा यायचा. वैद्यबाई म्हणाल्या, हेच हवं होतं. गव्हाला साळभाऊ उभा राहिला. माझं चित्त धुऱ्यावरच, पण पाय घरात.

वमनाच्या दिवशी पहाटे तेल, मग वाफेच्या पेटीत मान बाहेर काढून बसवलं. मग गुडघ्याएवढी खुर्ची, समोर टब, आणि दुधाचे गिलास. पीत राहा, पीत राहा. पोट टम्म झालं की वर ते चाटण, मधातलं, घशाला खाजवणारं. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मला वाटलं, आपल्याला काही होत नाही. मग कपाळावर घामाचे थेंब, तळहात गार, आणि एकदम पोटातून उसळी. एक बाई पाठीवरून खालून वर हात फिरवत होती, एकीनं कपाळ धरलं होतं. आधी दूध आलं तसंच. मग फेस. मग चिकट तार, टबाच्या काठावरून लोंबलेली, बोटानं तोडावी लागली. मधे ज्येष्ठमधाचं पाणी पाजत होते. शेवटी तोंड कडू जहर झालं आणि पिवळं-हिरवं पडलं. वैद्यबाईंनी बोट दाखवलं, 'पित्त आलं, बस.' वेग किती ते त्यांनी लिहिलं, माझं लक्ष नव्हतं. मध्यम शुद्धी म्हणाल्या, म्हणजे ५ दिवसांचा हिशेब. दर थोड्या वेळानं बीपी घेत होत्या. नंतर सगळ्यांना हळदीच्या वातीचा धूर देतात, मला छातीमुळे दिला नाही, नुसत्या गुळण्या.

इनहेलर एकही दिवस सोडला नाही.

घरी आल्यावर बायकोनं या धाग्याचं काकूंचं पान मोबाइलवर उघडून चुलीजवळ ठेवलं होतं. पेज पहिल्या वेळी अमृत लागली, दुसऱ्या वेळी बरी, त्यानंतर पातेलं दिसलं की चिडचिड. घरात होळीच्या पुरणाचं राहिलेलं कटाचं सार होतं, रात्री फोडणी दिली आणि मी अंगणात जाऊन बसलो. आईनं 'खंगला' म्हणून एकदा गुपचूप दूध-पोळी आणली होती, तीच बायकोनं परत नेली. दोघींचं थोडं वाजलं.

लग्नात अक्षता टाकून परतलो. काका बोलले. इथे लिहिण्यासारखं नाही.

फरक? गळा सकाळी मोकळा आहे. रात्रीची शिट्टी कमी आहे, पण जिनिंगही बंदच आहे, त्यामुळे श्रेय कोणाला ते डॉक्टरसाहेबांनी फुंकणी लावूनच ठरवावं. तारीख घेतली आहे. मालकाशी काचेचं बोललो, 'पाहू' म्हणाले.

आता चहा कधी?

वैद्य_वैनगंगा

क्रम पुरा होऊ द्या, मग नाश्त्यानंतर अर्धा कप, उपाशीपोटी नाही. जास्तीचं दही, थंड पाणी, जिलबी, दुपारची झोप आणखी महिनाभर नको. भर उन्हात पहिल्याच आठवड्यात फवारणी-बिवारणीला जाऊ नका. काट्यावर बसायला हरकत नाही, जिनिंग बंद असेल तर.

ओपीडी_नंतर

'पाहू' म्हणाले तर दिवाळीच्या आधी पुन्हा विचारा. रिपोर्ट आला की इथे आकडे टाका.

चिन्नोर_काकू

बायकोले सांग, पातेलं घासून ठेव म्हणा, तिचा नंबर लागन तेव्हा तू बसजो चुलीसमोर.

संत्राबाग_वरुड

उशिरा वाचतोय. आशाताई, माझं सिकलसेल कार्ड एएस आहे, एसएस नाही. मला सोरायसिससाठी वमन सांगितलंय. चालतं का?

आशाताई_कुरखेडा

एएस म्हणजे तुम्ही वाहक. रोजच्या जगण्यात बहुतेकांना त्रास होत नाही, पण अंगातलं पाणी फार कमी होऊ देणं तुम्हालाही बरं नाही. कार्ड घेऊन वैद्यांकडे आणि आपल्या डॉक्टरांकडे, दोघांकडे जा. शिबिराच्या गर्दीत करू नका.

वैद्य_वैनगंगा

सहमत. भरती करून, सलाईनची सोय असलेल्या ठिकाणीच, आणि या वर्षी नको. वरुडला आता ऊन तापलंय. पुढच्या माघात तपासून घ्या, तोवर पथ्य आणि लावायचं औषध चालू ठेवा.